खूप वर्षांनी पुन्हा मोटारसायकल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी २००२ साली बाइक सोडली आणि २०१९ साली पुन्हा हातात घेतली. तेव्हापासून साताऱ्यात आणि आसपास चाळिशी-पन्नाशी ओलांडलेली बरीच मंडळी भेटून, फोन करून तेच तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकदाच नीट लिहून ठेवतो आहे. कायद्याचे मुद्दे महाराष्ट्रातल्या वाचकांना धरून आहेत.

१. वीस वर्षं बाइकला हात लावलेला नाही. पुन्हा पहिल्यापासून शिकावी लागेल का?

नाही. हातापायांना सगळं आठवतं. क्लच कुठे सुटतो, गिअर कसा पडतो, हे पहिल्या पाच मिनिटांत परत येतं. धोका या पाच मिनिटांतच आहे, कारण माणसाला वाटतं सगळंच परत आलं. अंदाज मात्र परत आलेला नसतो. समोरून येणारी एसटी किती लांब आहे, शेजारचा रिक्षावाला वळणार आहे का, पुढे वाळू दिसली तर वेग कुठून कमी करायचा, हे ठरवण्याची नजर रोजच्या वापराने बनते आणि वापर थांबला की बोथट होते. त्यात मधली वर्षं कारमध्ये गेली असतील तर डोळ्यांना पुढच्या गाडीचे लाल दिवे बघायची सवय लागलेली असते. दुचाकीवर रस्ताच वाचावा लागतो : खडी, सांडलेलं डिझेल, गटाराचं झाकण, झेब्रा क्रॉसिंगचा ओला पट्टा.

माझं सांगतो. परतल्यावर चौथ्या दिवशी एका उतारावर थांबलो आणि डावा पाय टेकवला तो नेमका खडीवर. पाय सरकला, गाडी कलली, आणि पंचविशीत मांडीच्या जोरावर सहज सावरली असती ती गाडी मला सावरता आली नाही. वेग शून्य होता, तरी घोटा तीन आठवडे बांधून ठेवावा लागला. पाय टेकवायच्या आधी जमीन बघायची, ही विशीत असलेली सवय मी हरवून बसलो होतो.

२. लायसन्स संपून तीन वर्षं झाली. रिन्यू होईल का?

होईल, पण वाहन चालवण्याची चाचणी पुन्हा द्यावी लागेल. २०१९ च्या दुरुस्तीनंतर नियम असा आहे : मुदत संपायच्या आधी वर्षभर किंवा संपल्यावर वर्षभराच्या आत अर्ज केला तर चाचणी लागत नाही, वर्ष उलटलं की लागते. मुदत संपल्यावर पूर्वी मिळणारी ३० दिवसांची सवलतही त्या दुरुस्तीत गेली. म्हणजे मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून तुम्ही विनापरवाना आहात.

वय चाळीसच्या पुढे असेल तर डॉक्टरांचं प्रमाणपत्र (नमुना १-अ) लागतं. तिशी ते पन्नाशीत काढलेलं लायसन्स १० वर्षं चालतं, पन्नास ते पंचावन्नमध्ये काढलेलं वयाच्या साठीपर्यंत आणि पंचावन्ननंतर काढलेलं ५ वर्षं. तुमचं लायसन्स जुनं, पुस्तकासारखं असेल तर 'सारथी' या लायसन्सच्या सरकारी पोर्टलवर त्याची नोंद दिसते का ते आधी पाहा. दिसत नसेल तर ज्या आरटीओने ते दिलं तिथे जाऊन नोंद करून घ्यावी लागते. त्याशिवाय पुढचा अर्ज सरकत नाही.

चाचणीला कमीपणा मानू नका. तयारीसाठी प्रश्न ७ मधला सराव पुरेसा आहे.

३. कारचं लायसन्स चालू आहे. त्यावर बाइक चालते ना?

चालत नाही. लायसन्सवर वाहनांचे वर्ग छापलेले असतात, ते वाचा. एलएमव्ही म्हणजे हलकं चारचाकी वाहन. एमसीडब्ल्यूजी म्हणजे गिअरची दुचाकी आणि एमसीडब्ल्यूओजी म्हणजे बिनगिअरची. कॉलेजात असताना मोपेडसाठी लायसन्स काढलेल्या अनेक भगिनींच्या लायसन्सवर फक्त बिनगिअरचा वर्ग असतो. त्यांनी बुलेट चालवायला घेतली तर वर्ग वाढवून घ्यावा लागतो, आणि त्यासाठी आधी शिकाऊ लायसन्स काढावं लागतं.

हा प्रश्न दंडापुरता नाही. योग्य लायसन्स नसताना अपघात झाला तर विमा कंपनी समोरच्याला दिलेली भरपाई मालकाकडून वसूल करू शकते, आणि चालक-मालकासाठी असलेलं १५ लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षणही वैध लायसन्सवरच अवलंबून असतं.

४. माझं वय ५८. शुगर आहे, बीपीची गोळी चालू आहे. चालवू का?

वयाचा आकडा आड येत नाही, तब्येतीचे तपशील येतात. डॉक्टरांना नुसतं "बाइक चालवू का" असं विचारू नका. नेमकं विचारा. शुगर जुनी असेल तर तळपायाची संवेदना तपासून घ्या, कारण मागचा ब्रेक किती दाबला गेला हे तळव्यालाच कळतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर साध्या पडण्यानेही आत रक्तस्राव होऊ शकतो. सर्दीच्या आणि ॲलर्जीच्या काही गोळ्यांनी झोप येते. मान वळवून मागे बघता येतं का, हेही घरीच तपासा. आरशाला न दिसणारा कोपरा मान वळवल्याशिवाय दिसत नाही.

फिट येणं किंवा अचानक शुद्ध हरपणं यांपैकी काही असेल तर उत्तर स्पष्ट नाही असं आहे. लायसन्सच्या अर्जातच ते जाहीर करावं लागतं. डोळ्यांविषयी प्रश्न १३ मध्ये वेगळं लिहिलं आहे.

५. कोणती गाडी घेऊ? मनात बुलेट आहे.

मनातली गाडी घ्या, पण दुसरी म्हणून. स्प्लेंडरचं वजन सुमारे ११२ किलो, बुलेटच्याच घराण्यातल्या क्लासिक ३५० चं सुमारे १९५ किलो. हा ८० किलोंचा फरक चालताना जाणवत नाही. पार्किंगमधून गाडी मागे ओढताना, चढावर वळवताना, गर्दीत एका पायावर तोलताना जाणवतो, आणि परतलेला माणूस पडतो तो बहुतेक तिथेच. पहिले तीन-चार महिने १०० ते १५० सीसीची, दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकतील अशी गाडी वापरा. घरात मुलाची किंवा पुतण्याची असेल तर नवीन घ्यायचीही गरज नाही.

दुकानात बसून बघण्याऐवजी एक करा : गाडी बंद ठेवून डबल स्टँडवर लावा आणि उतरवा. पाच वेळा. कंबरेने तक्रार केली तर ती गाडी अजून तुमची नाही.

६. शेडमध्ये बारा वर्षं उभी असलेली जुनी गाडी सुरू करायची आहे. थेट किक मारू का?

मारू नका, कळकळीची विनंती. माझ्या ओळखीच्या एकांनी वडिलांच्या आरएक्स १०० ला असंच केलं आणि सिलिंडरला ओरखडे पाडून घेतले. इतकी वर्षं उभ्या गाडीत पिस्टनच्या रिंगा कोरड्या पडलेल्या असतात.

आधी टाकी रिकामी करा. जुनं पेट्रोल वार्निशसारखं चिकट होतं, वासानेच कळतं. टाकीत बॅटरी मारून बघा, आतून गंज धरलेला असला तर तो साफ केल्याशिवाय नवं पेट्रोल घालण्यात अर्थ नाही. कार्बोरेटर खोलून जेट साफ करून घ्या. मग स्पार्क प्लग काढा, त्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडा, रात्रभर राहू द्या आणि सकाळी प्लग न लावता हाताने हळूहळू किक दाबून इंजिन फिरवा. अडकलं तर जोर लावू नका, मेकॅनिक बोलवा. फिरलं तर ऑइल बदला, प्लग लावा आणि मग सुरू करा. सायलेन्सरच्या तोंडात काडी घालून बघा, कुंभारीण माशीने मातीचं घर केलेलं असतं. वायरिंग उंदरांनी कुरतडलेलं असतं, म्हणून बॅटरी जोडण्याआधी सीट काढून वायरी नजरेखालून घाला.

टायरला नक्षी शिल्लक आहे म्हणून तो चांगला, असं नसतं. बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. २३१४ असेल तर २०१४ सालातला २३वा आठवडा. दहा-बारा वर्षांचा टायर कितीही काळा दिसला तरी त्याचं रबर कडक झालेलं असतं आणि ओल्या रस्त्यावर ते धरत नाही. टायर, ट्यूब, ब्रेक शू, क्लच-ब्रेकच्या केबल एवढं बदललंच पाहिजे. डिस्क ब्रेक असेल तर त्याचं ऑइलही, कारण ते हवेतली ओल शोषतं. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. तेही ओल धरतं आणि जुन्या रबरी नळ्यांना मानवत नाही. म्हणून नळ्या नव्या घाला आणि टाकीत पेट्रोल महिनोन् महिने पडू देऊ नका.

कागदपत्रं हा वेगळा विषय. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. त्यापुढे तपासणी करून ५-५ वर्षांसाठी वाढवावी लागते आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर भरावा लागतो. विमा आणि पीयूसी नव्याने लागेल. १ एप्रिल २०१९ आधी नोंदलेल्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट (एचएसआरपी) बसवणं बंधनकारक आहे. गाडी वडिलांच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील तर प्रश्न १५ पाहा.

७. पहिल्या दिवशी नेमकं काय करू?

रस्त्यावर जाऊ नका. रविवारी सकाळी साडेसहाला शाळेचं मैदान किंवा बाजार समितीचं रिकामं आवार गाठा. पहिली पंधरा मिनिटं इंजिन बंद. गाडी दोन्ही हातांनी धरून ढकला, डावीकडे वळवा, उजवीकडे वळवा, पुढच्या ब्रेकने थांबवा. वजन कुठे आहे हे शरीराला असं कळतं.

मग इंजिन चालू करून पहिल्या गिअरमध्ये फक्त क्लच. रेस न देता क्लच अगदी हळू सोडा, गाडी सरकायला लागली की तिथेच धरा आणि पुन्हा दाबा. वीस वेळा. डावा हात दुखायला लागेल, लागू द्या. त्यानंतर दोन विटा दहा-बारा पावलांवर ठेवून त्यांच्याभोवती इंग्रजी आठचा आकडा काढा. नजर विटेवर ठेवलीत तर गाडी विटेवरच जाणार. जिथे जायचं तिथे बघा, हनुवटीसकट. विशीत आपण हे न समजता करायचो, आता समजून करायचं आहे.

चाळीस मिनिटांनी थांबा. दमलेला माणूस चुकीची सवय घोटतो. असे चार रविवार झाले की सकाळच्या शांत रस्त्यावर उतरा.

८. "पुढचा ब्रेक मारू नको, तोंडावर आपटशील" असं आम्हाला शिकवलं होतं. खरं का?

हा सल्ला आपल्या पिढीला वडिलांनी, मामांनी जीव तोडून दिला, आणि त्या काळच्या ड्रम ब्रेकच्या गाड्या, शेणामातीचे रस्ते बघता त्यामागे अनुभव होता. पण तो विसरायला हवा. ब्रेक लागला की वजन पुढे येतं, पुढचा टायर जमिनीत रुततो आणि मागचा हलका होतो. म्हणजे थांबवायची ताकद पुढच्या चाकात असते. केवळ मागच्या ब्रेकवर चालवणारा माणूस ऐनवेळी मागचं चाक लॉक करून आडवा घसरत जातो.

लिव्हर झटक्याने ओढायचा नाही, लिंबू पिळल्यासारखा दाबत जायचा : आधी हलका, मग घट्ट. हँडल सरळ असतानाच. वळणात, वाळूवर, ओल्या शेणावर मात्र पुढचा ब्रेक जपूनच. मैदानात २०, मग ३०, मग ४० च्या वेगाने याचा सराव करा.

एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. ते चाक लॉक होऊ देत नाही. ते काम करायला लागलं की लिव्हरमध्ये धडधड जाणवते. परतलेली माणसं त्या धडधडीने घाबरून ब्रेक सोडतात. सोडू नका, दाबूनच ठेवा. स्प्लेंडरसारख्या १२५ पर्यंतच्या गाड्यांना बहुधा एकत्रित ब्रेक असतो : मागचा दाबला की पुढचाही थोडा लागतो.

९. पूर्वी जुनी बुलेट चालवायचो. आताच्या गाडीवर पाय गोंधळतो.

गोंधळणारच. जुन्या बुलेटला गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला होता. आता उलट आहे. धोका संकटाच्या क्षणी आहे : मेंदू जुन्या वाटेने जातो, डावा पाय जोरात दाबला जातो आणि ब्रेकऐवजी गिअर पडतो. यावर एकच उपाय, प्रश्न ८ मधला ब्रेकचा सराव इतका करा की हात पहिला धावेल. ही सवय मोडेपर्यंत जुनी आणि नवी अशा दोन्ही गाड्या आलटून पालटून चालवू नका.

चोक आणि पेट्रोलचा कॉक २०२० नंतरच्या बहुतेक गाड्यांत नाहीत, कार्बोरेटरच्या जागी पेट्रोल फवारणारं इंजेक्शन आलं. हेडलाइट दिवसाही चालू राहतो, तो बिघाड नाही, २०१७ पासूनचा नियम आहे.

१०. अपघातामुळेच गाडी सोडली होती. भीती जात नाही.

हा प्रश्न विचारणारे बहुतेक जण शेवटी, निघता निघता विचारतात. पहिली गोष्ट, परत येणं सक्तीचं नाही. कोणाला काही सिद्ध करून दाखवायचं असेल तर थांबा. मनापासून यायचं असेल तर भीती पूर्ण जाण्याची वाट बघत बसू नका.

अपघात कागदावर लिहून काढा. रस्ता, वेळ, वेग, समोर कोण होतं, तुम्ही शेवटी कुठे बघत होता. दोन रकाने करा : माझ्या हातात काय होतं आणि काय नव्हतं. माझ्याकडे आलेल्या एका ताईंनी असं लिहिल्यावर त्यांच्या लक्षात आलं की उजवीकडे वळणाऱ्या ट्रॅक्टरला त्या ओव्हरटेक करत होत्या. पंधरा वर्षं त्या 'मला गाडी जमत नाही' असं समजून होत्या. आता त्या ट्रॅक्टरमागे शांतपणे थांबतात आणि रोज वाई-सातारा करतात.

अपघाताच्या जागेवरून पहिल्या महिन्यात जाऊ नका. नंतर एकदा दिवसा, सोबत दुसरी गाडी घेऊन जा. गाडीवर बसल्यावर छाती धडधडणं, झोप उडणं चालूच राहिलं तर समुपदेशकाला भेटा.

११. माळ्यावरचं जुनं हेल्मेट चालेल का?

नाही. आतला थर्मोकोल आणि फोम वर्षांनुवर्षांच्या उष्णतेने मरतो. आयएसआय शिक्का असलेलं, पूर्ण चेहरा झाकणारं नवं घ्या. घातल्यावर गाल थोडे दाबले गेले पाहिजेत, आणि पट्टा लावून हेल्मेट हलवलं तर कपाळाची कातडीही सोबत हलली पाहिजे. मागे बसणाऱ्यालाही हवंच. बाकी पैसे थोडे असतील तर आधी हातमोजे आणि घोटा झाकणारे बूट. पडताना माणूस आधी हात टेकवतो.

१२. हायवेवर आणि घाटात कधी जाऊ?

सुमारे ५०० किलोमीटर शहरात आणि जिल्हा रस्त्यांवर झाल्याशिवाय नको, हे माझं मत. ६० च्या वेगाला गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. संकट ओळखायला अर्धा सेकंद जास्त लागला तर आठ मीटर गेलेले असतात.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग, अटल सेतू, वांद्रे-वरळी सागरी सेतू आणि मुंबईचा सागरी किनारा मार्ग यांवर दुचाकीला बंदी आहे. नकाशाचं ॲप कारच्या रस्त्यावर ठेवलं असेल तर ते तुम्हाला तिकडेच नेईल. त्यात दुचाकीचा पर्याय निवडा.

घाट उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये टाकायची पेट्रोल वाचवणारी जुनी सवय कायमची सोडा. चढताना जो गिअर लागतो त्याच गिअरमध्ये उतरा, इंजिनच गाडी धरून ठेवतं आणि ब्रेक तापत नाहीत. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात नाही. यवतेश्वरच्या घाटात पावसाळ्यात धुकं उतरतं तेव्हा मी अजूनही जात नाही.

पहिल्या पावसाचे दोन-तीन दिवस गाडी घरी ठेवा. उन्हाळाभर साचलेलं ऑइल आणि धूळ पाण्यावर तरंगते आणि रस्ता साबणासारखा होतो.

१३. रात्री समोरच्या प्रकाशाने काही दिसत नाही. सवय होईल का?

सवयीवर सोडू नका. वयानुसार डोळ्याला झगमगाटातून सावरायला जास्त वेळ लागतो आणि मोतीबिंदूची सुरुवात असेल तर प्रकाश फाकतो. आधी तपासणी करून घ्या. प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर खाली बघताना रस्ता अंधूक दिसतो. लांबचा वेगळा चष्मा करून घ्या. हेल्मेटची काच ओरखडलेली असेल तर बदला. समोरून अप्पर लाइट आला तर रस्त्याच्या डाव्या पांढऱ्या पट्टीकडे बघा.

आमच्या भागात ऊसतोडीचा हंगाम म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मार्च. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, बाहेर आलेली उसाची वाढी, म्हणजे हिरवे शेंडे. पश्चिम महाराष्ट्रात त्या महिन्यांत अंधार पडल्यावर निघू नका. यात मी कोणालाच सूट देत नाही, स्वतःलाही नाही.

१४. बायकोला डबलसीट कधी नेऊ?

एकट्याने दोन-तीन महिने झाल्यावर. आधी मागच्या टायरची हवा डबलसीटच्या आकड्याइतकी भरा, तो आकडा गाडीवर किंवा पुस्तिकेत असतो. ब्रेक नेहमीपेक्षा लवकर लावायला घ्या. साडीत एका बाजूला बसलं तर तोल सतत त्या बाजूला राहतो, म्हणून शक्यतो दोन्हीकडे पाय टाकून बसायला सांगा. पदर, ओढणी बांधूनच. साडीगार्ड काढलेली गाडी डबलसीटला वापरू नका. आणि त्यांनी नको म्हटलं तर तो विषय तिथेच ठेवा.

चार वर्षांच्या आतल्या नातवंडाला नेताना मुलाला हेल्मेट आणि चालकाला बांधणारा पट्टा लागतो, आणि वेग ४० च्या वर नेता येत नाही.

१५. गाडी वडिलांच्या नावावर आहे, ते आता नाहीत. मी चालवू शकतो का?

मृत्यूनंतर ३० दिवसांत आरटीओला कळवलं तर वारसाला तीन महिने गाडी वापरता येते, आणि त्याच तीन महिन्यांत नमुना ३१ भरून ती नावावर करून घ्यावी लागते. मुदत उलटून गेली असली तरी अर्ज करता येतो, विलंबाचं शुल्क पडतं. इतर वारसांची संमती आधीच लेखी घ्या. मुदत उलटली असेल तर नावावर होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका. विमाही तुमच्या नावाने करून घ्यावा लागेल.

१६. अमेरिकेत राहतो. सुट्टीत आल्यावर भावाची बाइक चालवू का?

भारतीय लायसन्स चालू असेल आणि त्यावर गिअरच्या दुचाकीचा वर्ग असेल तर चालवू शकता. ते संपलं असेल तर तिथून निघण्याआधी आंतरराष्ट्रीय परवाना काढा, पण त्यावर मोटारसायकलच्या वर्गाचा शिक्का हवा. तुमच्याकडे तिथलं फक्त कारचं लायसन्स असेल तर तो शिक्का मिळणार नाही, कारण प्रश्न ३ मधलीच अडचण तिथेही आहे.

दुसरं, तिथे तुम्ही वर्षभर रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवता. इथे आल्यावर रिकाम्या रस्त्यावर आणि वळल्यावर हात आपोआप चुकीच्या बाजूला जातो. पहिले चार दिवस भावाच्या मागे बसा. पाचव्या दिवशी सकाळी लवकर, तो पुढे आणि तुम्ही मागे, दोन गाड्यांवर निघा.